रांगोळीवर तपासलेला सेन्सर

आमच्या वर्कशॉपमध्ये सोल्डरिंगच्या सामानाशेजारी रांगोळीचा डबा असायचा, हे ऐकून लोक हसायचे. हसोत बापडे. झाशीत तेव्हा आपल्यासारखी दगडाची रांगोळी मिळायची नाही. इथल्या बायका दारात चौक पुरतात, म्हणजे आपल्या रांगोळीसारखी नक्षी काढतात, ती कणकेने, आणि काढतातही सुंदर. पण आमच्या घरात कणीक जमिनीवर टाकलेली कोणाला खपायची नाही. त्यामुळे भुसावळहून कोणी निघालं की पहिला निरोप जायचा तो रांगोळीचा. माझं माहेर भुसावळ, सासर झाशी, दोन्हीकडे रेल्वेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तोटा नव्हता. पांढरीशुभ्र, मऊ, एकसारख्या दाण्याची पाकिटं यायची. निम्मी दारात जायची, निम्मी माझ्या टेबलावर. मी धुळीत चालणारे सेन्सर बनवत होते, आणि घरात हात न माखता वापरता येईल अशी धूळ तेवढीच होती.

बनवत होते म्हणजे, बनवत होतो. हे आणि मी. हे म्हणजे माझे यजमान. जन्म झाशीतला, तिसरी पिढी, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारे. माणूस इतका शांत की लग्न ठरताना माझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलगा बोलतो ना गं? मी मात्र तोंडाची फटकळ, आजही आहे. पत्रा कापणं, पेट्या बनवणं, वेल्डिंग हे सगळं ह्यांचं. सर्किट माझं, कारण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा माझा. बाहेरच्या पाटीवर नाव मात्र एकट्या ह्यांचं होतं. ती पाटी मीच तशी रंगवून घेतली. बाईचं नाव वाचून क्रशरवाले पायरी चढले नसते. हे म्हणाले होते, दोघांचं टाकू. मी म्हटलं, धंदा करायचाय की आरती ओवाळून घ्यायचीय?

सेन्सर काय होता ते सांगते, अवघड नाही. दोन पत्रे समोरासमोर, मध्ये थोडी हवा. एक पत्रा जागेवर पक्का, दुसरा सरकत्या दरवाजाला लावलेला. दरवाजा बंद होत येतो तसतसे पत्रे एकमेकांसमोर येतात आणि त्यांच्यात जास्त वीज मावते. ती मोजली की दरवाजा कुठवर आलाय ते कळतं. घासणारं काही नाही, अडकणारं काही नाही, म्हणून धुळीच्या जागी हेच बरं. खोड एकच. मध्ये धूळ बसली तरीही वीज जास्त मावते, आणि यंत्राला वाटतं दरवाजा आहे त्याहून जास्त बंद आहे. त्यावर मी उपाय काढला होता. शेजारी तशीच दुसरी जोडी, पण न हलणारी. तिच्यावरही तेवढीच धूळ बसणार. दोघींची तुलना केली की धूळ आपोआप वजा होते. मला त्या कल्पनेचा फार अभिमान होता.

काम आलं ते बबीन्याच्या पुढच्या एका क्रशरचं. झाशीच्या आसपास दगड फोडणारे क्रशर खूप. लांबून पांढरा धूर दिसतो ना, तो धूर नसतो, धूळ असते. तिथे काम करणाऱ्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. वर दगडांची मोठी टाकी, तिच्या तळाला सरकता लोखंडी दरवाजा, खाली घसरण. घसरणीत दगड अडकला की एक माणूस दरवाजा बंद करायचा आणि हात घालून दगड ओढून काढायचा. आता दरवाजातच एखादा दगड सापडला तर तो पुरता बंद होत नाही. चार बोटं उघडा राहिला तरी वरचे दगड एकमेकांना धरून गप्प बसतात, आणि खालचा ओढला की सगळे एकदम येतात. धुळीत डोळ्याला काही दिसत नाही. आधीचा स्विच, दरवाजा टेकला की दाबला जाणारा, धुळीने जाम व्हायचा. म्हणून आमचा सेन्सर आणि त्यावर चालणारा एक हिरवा दिवा. हिरवा लागला म्हणजे दरवाजा पूर्ण बंद, हात घाल. लाल असेल तर घालू नकोस.

हात घालणाऱ्या माणसाला सगळे कक्का म्हणत. कक्का म्हणजे इथल्या बुंदेली बोलीत काका. पन्नाशीचा, काटक, तिथे पंधरा वर्षं काढलेला. आम्ही माप घ्यायला गेलो तेव्हा त्याने ह्यांना एकच गोष्ट विचारली, की दिवा खोटं तर बोलणार नाही ना. हे त्याच्याशी बराच वेळ बोलत उभे राहिले. मी जीपमध्ये बसून नाकाला पदर लावला होता.

त्यानंतर हे तिथे आणखी दोन-तीनदा गेले आणि एक दिवस गोणपाटाचं पोतं घेऊन आले. क्रशरचीच धूळ. म्हणाले, तपासायचं तर ह्यावर तपासू. मी बघूनच वैतागले. राखाडी, मध्ये तांबूस, मातकट. वर्कशॉप म्हणजे घराचीच मागची खोली. दार उघडलं की स्वयंपाकघर. म्हटलं, हे आत आणलंत तर आठवडाभर पोळीत कचकच लागेल. शिवाय माझ्याकडे कारण तयार होतं. रांगोळीही दगडाचीच पूड, दाणा एकसारखा, म्हणून मोजमाप नीट येईल. तुमच्या पोत्यात काय काय आहे देव जाणे.

हे म्हणाले, रांगोळी कोरडी असते. क्रशरची धूळ दमट झाली तर चिकटते, तिच्यातून वीज पाझरेल, आणि दोन्ही जोड्यांत सारखी पाझरणार नाही, मग तुझी वजाबाकी चुकेल. पत्र्याभोवती तांब्याची एक कडी बसवू, पाझरणारी वीज वाटेतच उचलून घेईल. मी म्हटलं, झाशीच्या उन्हात दमट? पाणी प्यायला मिळत नाही तिथे. आणि कडी घालायची तर सगळं सर्किट पुन्हा मांडावं लागणार होतं, ते मला नको होतं. हे खरं कारण मी तेव्हा बोलले नाही.

पोतं उचलत ते म्हणाले, "बरं बाई, तुझंच खरं."

पोतं टेबलाखाली गेलं. मी रांगोळीच्या चाळणीने पत्र्यांवर रांगोळी भुरभुरवली, थर देत गेले, टेबलावरचा नमुन्याचा दरवाजा सरकवत गेले. मीटरचा काटा एकदाही चुकला नाही. खात्री म्हणून पाण्याचा हबका मारला, तर रांगोळी वाळून टिचकीसरशी पडली. मी ह्यांना हाक मारून दाखवलं. ते बघून हसले आणि आपल्या कामाला लागले. माघात सेन्सर बसला, छान चालला. कक्काने दिव्याला कुंकू लावलं.

चैत्रात हे गेले. सकाळी साडेदहाला, वर्कशॉपमध्ये, हातात कानस होती. मी चहा घेऊन आले तर खाली बसले होते, भिंतीला टेकून. मला वाटलं काहीतरी शोधतायत.

मला रडू आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. शेजारच्या बायका पाठीवर हात फिरवून सांगायच्या, रो लो बहू, रो लो, आणि मी त्यांना पाणी आणून द्यायची. भुसावळहून आई आली, माझ्याकडे बघून तीच रडायची. दाढेत इंजेक्शन दिलं की गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. दु:ख झालंय हे मला माहीत होतं, जसं आज मंगळवार आहे हे माहीत असतं. दारातली रांगोळी बंद झाली. डबा टेबलावर होता तिथेच राहिला. पंधराव्या दिवशी मी वर्कशॉप उघडून बसले, लोकांनी नावं ठेवली. ठेवोत. बसायला दुसरी जागा नव्हती मला.

ज्येष्ठात क्रशरचे मालक घरी आले. शेठजी भला माणूस, उगीच खोटं बोलणार नाही. उंबऱ्याशी बूट काढले, ह्यांच्या फोटोला हात जोडले, मग पाणी न पिता बोलायला लागले. शेजारच्या गावाने धुळीची तक्रार केली होती. साहेब लोक येऊन गेले, त्यांनी दगडांवर पाणी मारायला सांगितलं. टाकीवर फवारे बसले. पाचव्या दिवशी घसरणीत दगड अडकला. कक्काने दरवाजा ओढला, हिरवा दिवा लागला, त्याने हात घातला. दरवाजा चार बोटं उघडा होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

मी ऐकत होते. पाणी, एवढाच शब्द डोक्यात फिरत होता. ओली धूळ, चिकटलेली, पत्र्यावरून पत्र्यावर पाझरणारी वीज. मला तिथे बसल्या बसल्या सगळं समजलं. कडी नव्हती, आणि कडी का नव्हती तेही समजलं.

शेठजी खाली मान घालून म्हणाले, "साहब की तबीयत उन दिनों ठीक नहीं रही होगी, भाभीजी. आखिरी काम था. चूक रह गई."

मी म्हणाले, "हां."

एवढंच. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पाटीवर नाव ह्यांचं, पेटीवर हात ह्यांचा. मी म्हणजे तारा जोडून देणारी बायको. शेठजी गेले. जाताना म्हणाले, सेन्सर काढून ठेवतो, चिंता करू नका, गेलेल्या माणसाबद्दल मी कुठे बोलणार नाही. मी दार लावलं आणि भात टाकला. जेवलेसुद्धा. आज त्याची लाज वाटते, तेव्हा तीही वाटली नाही. उभं आयुष्य जो माणूस मला उलट शब्द बोलला नाही त्याच्या माथी मी माझी चूक मारली होती, आणि मला भाताला मीठ कमी पडलंय हे कळत होतं.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी मी टेम्पोने बबीन्याला गेले, तिथून कक्काच्या गावाला. का गेले ते नीट सांगता येत नाही. जायला हवं म्हणून. मनात ठरवलेलं काही नव्हतं, कबुली वगैरे तर मुळीच नाही. सफरचंदं घेतली होती, आजाऱ्याकडे नेतात तशी.

कक्का अंगणात कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता. हाताला पांढरं बँडेज, त्यावर माश्या बसू नयेत म्हणून बायको वारा घालत होती. मला बघून उठायला लागला, मी बसवलं. त्याने आधी ह्यांचीच विचारपूस केली, कसे गेले, त्रास झाला का. मी सांगितलं. त्याच्या बायकोने गूळ आणि पाणी आणून ठेवलं.

मग कक्काने विचारलं, "भाभीजी, वो जो धूल हमने छान के दी थी, वो काम आई?"

मला आधी कळलंच नाही. त्याने सांगितलं. ह्यांनी त्याला म्हटलं होतं, तुमच्या हाताचा भरवसा ह्या धुळीवर आहे, जिथे सगळ्यात बारीक बसते तिथली द्या. म्हणून दोघं नवरा-बायको सुट्टीच्या दिवशी दरवाजाच्या खाचेतून, पत्र्याच्या मागून धूळ खरवडून काढत बसले होते. मोठे खडे राहू नयेत म्हणून बायकोने आपल्या पिठाच्या चाळणीतून ती सगळी चाळली. चाळणी नंतर पिठाला चालेना, टाकून द्यावी लागली. हे सांगताना ती बिचारी हसत होती. एक पोतं भरायला दोन दिवस लागले होते त्यांना.

मी गुळाच्या खड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "वह बोरी हमने खोली ही नहीं, कक्का. साहब ने कहा था. मैंने मना किया. गलती मेरी है, उनकी नहीं."

त्याची बायको वारा घालायची थांबली. कक्का बँडेजकडे बघत राहिला. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी त्या घेतल्या असत्या; मला हव्याच होत्या. तो एवढंच म्हणाला, "तो अब खोल लीजिए."

घरी आले आणि पोतं ओढून काढलं. सुतळी ह्यांनी बांधलेली, त्यांच्या पद्धतीची दुहेरी गाठ. ती सोडवायला मला वेळ लागला. धूळ पिठासारखी बारीक होती. वर्कशॉपमध्ये त्याच मापाची दुसरी जोडी होती, तिच्यावर ती टाकली, पाण्याचा हबका मारला. लाकडाचा चार बोटांचा ठोकळा नमुन्याच्या दरवाजात अडकवला. काटा सावकाश चढत गेला आणि हिरवा दिवा लागला. पुसलं, पुन्हा टाकली, पुन्हा हिरवा. दोन चमचे धूळ पुरली. अर्धा तास लागला नसेल. अर्धा तास मी दिला नव्हता.

मग त्या जोडीची ह्यांनी बनवलेली पेटी उघडली, कडी कुठे बसवता येईल ते बघायला. पत्र्याभोवती बारीक खाच होती. ती मी आधीही पाहिली होती आणि धूळ साचायला ठेवली असेल असं समजले होते. तांब्याची तार लावून बघितली तर बरोब्बर बसली. ह्यांनी कडीची जागा करून ठेवली होती. मला वाद नको म्हणून बोलले नाहीत. आज ना उद्या हिच्या लक्षात येईल, तेव्हा पेटी बदलावी लागू नये, असं त्यांच्या मनात असणार. तुमचंच खरं, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. ऐकायला कोणी नव्हतं.

सर्किट पुन्हा मांडायला बारा दिवस लागले. रोज त्याच धुळीचा चिखल लावून तपासलं. खरोखरच पोळीत कचकच यायला लागली, मी ती खाल्ली.

शेठजींकडे जाऊन जे झालं ते सांगितलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, जाऊ द्या भाभीजी, साहेब तर गेले, त्यांना आता काय फरक पडतो, तुम्हाला मात्र ह्याच गावात धंदा करायचाय. त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच सांगितलं, तरीही माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, त्यांना फरक पडत नसेल, मला पडतो, आणि दहा क्रशरवाल्यांसमोर बोलायची वेळ आली तर तिथेही हेच बोलेन. सेन्सर परत बसवायला ते तयार नव्हते. शेवटी म्हणाले, कक्का हो म्हणाला तर बसवा.

कक्का हो म्हणाला आणि स्वतः आला. शेठजी त्याला आता दिव्यापाशी बसायचं काम देणार होते. आम्ही सेन्सर बसवला, फवारे चालू ठेवले, दोन दिवस नुसती धूळ आणि पाणी बसू दिलं. पत्र्यांवर राखाडी चिखलाचा जाड थर आला. तिसऱ्या दिवशी दुपारी चार बोटांचा ठोकळा दरवाजात अडकवून दरवाजा ओढायला लावला. दिवा लाल राहिला. दहा वेळा केलं, दहाही वेळा लाल. ठोकळा काढून दरवाजा ओढला तेव्हा हिरवा लागला. वर टाकी दगडांनी भरलेली होती, आणि घसरणीत एक दगड मुद्दाम अडकवून ठेवला होता. तो काढायचा होता. कक्काच्या जागी आलेला माणूस पुढे होईना. त्याचं काय चुकलं?

मी बांगड्या मागे सारल्या आणि हात घातला. शेठजी लांबून ओरडत होते, मी लक्ष दिलं नाही. लोखंड ओलं आणि गार होतं. दगड हाताला लागला, हलेना. जोर लावावा लागणार होता, आणि जोर लावायचा म्हणजे वरच्या सगळ्या दगडांना हलवायचं. मी दिव्याकडे बघितलं, हिरवा होता. कक्का दिव्याकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता.

तेव्हा मला भीती वाटली. चैत्रापासून मला काहीही झालं नव्हतं, आणि आता मला माझी बोटं एकेक करून जाणवत होती, पाचही. कक्कालाही त्या दिवशी अशीच जाणवली असतील का, की त्याला भरवसाच होता? त्याला भरवसा होता. दिव्याला त्याने कुंकू लावलं होतं.

मी दगड ओढला. तो निघाला. वरून एक खडासुद्धा आला नाही.

दगड हातात घेऊन मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले, नाक-तोंड पुसायचं भान न ठेवता, मोठ्याने, सगळ्यांसमोर. शेठजी पाणी घेऊन धावले. कक्काने त्यांना डाव्या हाताने थांबवलं आणि बुंदेलीत सांगितलं की बाईंना आता रडू द्या.